नाव बुडाली, नाव बुडाले

पालघरजवळच्या सातपाटीत मासेमारीच्या नावेवर तिचे नाव ठळक रंगवलेले असते. हे वाक्य वाचताना कुणी अडखळत नाही. तरीही जुन्या लेखनपद्धतीचे कैवारी हळहळतात. होडी ती ‘नाव’ आणि ओळख ते ‘नांव’, हा भेद एका टिंबाने राखला होता. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले, न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि दोन शब्द एका रूपात कोंबले गेले. संख्येतला ‘पांच’ही त्याच फेऱ्यात रत्नवाचक ‘पाच’च्या पंगतीला बसला.

ही हळहळ पोकळ नाही. एक शब्द संस्कृत ‘नौ’कडून आला, दुसरा ‘नामन्’कडून; टिंबात त्या दुसऱ्याचे कूळ जपलेले होते. गोव्यात कोकणी आजही ‘नांव’ लिहिते, कारण तिथे तो अनुनासिक स्वर तोंडात जिवंत आहे.

पण टिंब जर शब्द वेगळे ओळखण्यासाठीच हवे होते, तर ‘जरा’चे काय? ‘जरा थांब’मधला ज आणि म्हातारपण या अर्थाच्या ‘जरा’तला ज कानाला सरळ वेगळे लागतात. कागदावर मात्र दोघे एकच, आणि त्याबद्दल हे कैवारी कधी हळहळलेले नाहीत.

चीनमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडले. १९५६ पासूनच्या सुलभीकरणात ‘मागे’ या अर्थाचे किचकट अक्षर सोडून ‘सम्राज्ञी’चे सोपे अक्षर दोन्हींसाठी वापरात आले, चेहरा आणि नूडल्स हेही एका अक्षरात आले. चिनी अक्षर म्हणजे थेट कल्पनेचे चित्र, असे मानणाऱ्याने या जोड्या पाहाव्यात. चेहरा आणि नूडल्स यांची कल्पना एक नाही, उच्चार तेवढा एक आहे. तरी चिनी वाचक गोंधळत नाही, कारण शेजारचे अक्षर अर्थ उलगडते. मराठीत हे काम लिंग करते. नाव बुडाली तर होडी गेली. नाव बुडाले तर अब्रू गेली.

म्हणजे दोन परके शब्द एका घरात आले, तर वाक्य त्यांना निभावून नेते. खरी फसगत एकच शब्द दोन घरी वाढतो तेव्हा होते. ‘हात’ आणि ‘कागद’ ही दोन अक्षरे जोडली की जपानीत पत्र होते, चिनीत शौचाचा कागद.

त्यासाठी जपानपर्यंत जाण्याचीही गरज नाही. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत देशभरातून कामगार येतात आणि अनेकांच्या मुलांची घरची भाषा हिंदी असते. ‘शिक्षा’ हा दोन्ही भाषांचा शब्द, मूळ एकच, लिपीही एकच. हिंदीत त्याचा अर्थ शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत ‘अनिवार्य शिक्षा’ लिहिले, तर मराठी वाचकाला त्यात काहीच खटकत नाही. त्याच्या भाषेतही ते शब्द नीट जुळतात. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न असते, मराठीत टिंगल. अशा मुलाने मराठीच्या तासाला ‘मी चेष्टा केली’ असे प्रामाणिकपणे सांगितले, तर ते वाक्य व्याकरणात कुठेच चुकत नाही. टिंब द्यायचे तरी कोणत्या अक्षरावर?