पोटाची भाषा आणि हौसेची भाषा

हिब्रू आम्ही उलपानमध्ये शिकलो ती पोटासाठी. नोकरी, दवाखाना, बाजार, सगळे तिच्यावाचून अडले होते. गोडी मागाहून लागली. आता साठी उलटल्यावर आम्ही लादिनो शिकू लागलो, तर घरचे विचारतात, "उपयोग काय?"

उपयोग काहीच नाही. पण १४९२ साली स्पेनमधून हाकललेल्या यहुद्यांची ही भाषा रविवारला 'दोमिंगो' म्हणत नाही, कारण त्यात ख्रिस्ती प्रभूचा वार दडलेला. ती अरबीतून 'अल्हाद' घेते, म्हणजे पहिला वार. देवाला 'दिओस' न म्हणता 'दिओ' म्हणते, कारण शेवटचा 'स' अनेकवचनासारखा वाटतो, आणि देव तर एक! कोकणात वारावरूनच 'शनवार तेली' म्हणवले गेलेल्या आम्हांला हे किती आपले वाटले, काय सांगावे!

टोचणी वेगळीच आहे. नातवंडांना मराठी येत नाही. मग हा वेळ त्यांचा नव्हे काय? आमची हौस हा स्वार्थच नव्हे काय? एकदा त्यांना बाराखडी घेऊन बसवले. कर्तव्य म्हणून बसली आणि तशीच उठली. चूक आमची. हिब्रू जशी आमच्या गळ्यात पडली, तशी मराठी आम्ही त्यांच्या गळ्यात घालीत होतो. लादिनो सोडून ती चूक सुधारणार नाही. आता बाराखडी बंद; चिकाचा हलवा ढवळताना जेवढे बोलणे होईल तेवढे.