पंखातला कान

तीन वर्षांपूर्वी आमच्या पावट्यावर मावा पडला, तेव्हापासून हा विचार माझ्या मागे लागला आहे. मावा म्हणजे काय हे शेतातल्या बाईला सांगायला नको. शेंडे काळे पडतात, पानं चिकट होतात, मुंग्यांची रांग लागते आणि बघता बघता कोवळ्या शेंगा आक्रसून जातात. पूर्वी असं झालं की आमचे हे निपाणीहून बाटली आणायचे आणि पंप गड्याच्या पाठीवर चढायचा. त्या दिवशी मी शेताकडे फिरकायची नाही. उद्योगी हिंसा आहे, शेती करणाऱ्याला ती चुकत नाही, असं मनाशी म्हणायची आणि घरात तांदूळ निवडत बसायची. ते गेले, उतारा माझ्या नावावर झाला आणि कोणती बाटली आणू म्हणून गडी मला विचारायला लागला. तेव्हा कळलं, माझं घरात बसणं म्हणजे अहिंसा नव्हती. फक्त दुसरं कुणीतरी ठरवत होतं.

त्या वर्षीच्या फवारणीला पाणी वाहून आणणारी बाई संध्याकाळी आमच्या दारात येऊन बसली. "वैनी, डोकं गरगरतंय," म्हणाली आणि तिथंच उलटी झाली. दवाखान्यात नेलं, दोन दिवसांत बरी झाली, पुन्हा कामालाही आली. मी मात्र पाणी गाळताना, भाजी निवडताना किडामुंगीचा हिशेब ठेवणारी. फडकं न बांधता त्या बाईला औषधाजवळ उभं केलं, ते माझ्या हिशेबात कुठं धरलं होतं?

माझा भाचा शेतकीचं शिकलेला आहे. त्याला हे सांगितलं, तर पुढच्या खेपेला तो कागदाची एक पट्टी घेऊन आला. त्यावर बारीक अंडी चिकटवलेली. सूचना कन्नडमध्ये होत्या, त्या त्यानंच वाचून दाखवल्या. "मावशी, हा क्रायसोपा. पट्टी पानाच्या खाली टाचायची. अळ्या निघतात आणि मावा खातात. औषध नको, पंप नको."

मोठा किडा आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो, नाव माहीत नसतं. रात्री दिव्यावर येणारा, पोपटी अंगाचा, इतका नाजूक की बोट लावलं तर मोडेल. पंख चाळणीच्या कापडासारखे, त्यांत शिरांचं बारीक जाळं. डोळे सोनेरी. शास्त्रात याच्या कुळाला जे नाव आहे त्याचा अर्थच सोनेरी डोळ्यांचे, आणि ज्या मोठ्या गणात हे कूळ बसतं त्याच्या नावाचा अर्थ शिरांच्या पंखांचे. वाळूत नरसाळ्यासारखा खड्डा करून तळाशी मुंगीची वाट बघत बसणारा किडा लहानपणी आपण काडीनं उकरून काढायचो ना, तोही याच गणातला. मोठेपणी त्यालाही असेच जाळीचे पंख फुटतात. हे कळलं तेव्हा मला दोघांचा स्वभाव एकदम उमगला.

कारण हा पोपटी जीव अळी असताना अगदी वेगळा असतो. तोंडाशी विळ्यासारख्या दोन पोकळ नांग्या. त्या माव्याच्या अंगात खुपसायच्या आणि आतला रस ओढून घ्यायचा. असे शेकडो. भावंडं समोर आली तर त्यांनाही सोडत नाही. म्हणून आई प्रत्येक अंडं वेगळ्या दोऱ्यावर ठेवते. पानावर चिकट थेंब टेकवायचा, पोट वर उचलत त्याचा केसाएवढा धागा ओढायचा आणि टोकावर अंडं. मुंगीपासून राखायचं आणि पोरांना पोरांपासूनही. पंख फुटले की ही क्रायसोपा मध आणि परागावर राहते. आमच्यातल्या काही बायका म्हातारपणी व्रतं धरतात तसं, असं मी म्हटलं, तर आत्याबाई रागावल्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, पंच्याऐंशीच्या. त्यांनी पट्टी हातात घेऊन बघितली आणि विचारलं, "हे मावा खाणार. मग मारलं कुणी? त्यांनी का तू?"

आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदित तिन्ही सारखंच बांधतात. औषध फवारलं तर मी मारलं. पट्टी टाचली तर मी मारवलं. भाच्याचं म्हणणं, निसर्गात हे चाललेलंच आहे. असेल, पण पट्टी टाचणारा हात निसर्गाचा नव्हे, माझा. आणि त्या अळ्या कारखान्यात कशावर वाढवतात, तेही मी खोदून विचारलं. तांदळाच्या डब्यात जाळी करणारी अळी असते ना, तिच्या पतंगाची अंडी. ती फुटू नयेत म्हणून अतिनील किरणांखाली धरतात आणि मग यांना खायला घालतात. ज्या अळीला मी उन्हात ताट ठेवून हळूच बाहेर सोडते, तीच. त्या रात्री मला झोप आली नाही.

मग मी आपल्या नेहमीच्या शिडीकडे वळले. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात उमास्वामींनी जी दिली आहे, ती पाठशाळेत सगळ्यांनी पाठ केलेली असते. कृमीला दोन इंद्रियं, मुंगीला तीन, भुंग्याला चार, माणसाला पाच. पाचवं म्हणजे कान. जितकी इंद्रियं जास्त, तितके प्राण जास्त, तितकी हिंसा जड. मावा आणि क्रायसोपा दोघांनाही डोळे आहेत, म्हणजे दोघं चौथ्या पायरीवर. एकासाठी दुसऱ्याला मारायला इथं तरी सवलत मिळेना.

आणि तेवढ्यात भाच्यानं सांगितलं की क्रायसोपाला कान असतो. पंखाच्या मुळाशी, एका फुगीर शिरेत. वटवाघूळ शिकारीला निघतं तेव्हा आपल्याला ऐकू न येणारा बारीक आवाज काढत असतं. तो जवळ आला की ही उडता उडता पंख मिटते आणि दगडासारखी खाली पडते. वाचते. शिवाय नर-मादी पानावर बसून पोट थरथरवतात आणि त्या थरथरीवरून आपल्या जातीचं कोण ते ओळखतात. दिसायला एकसारख्या, पण थरथर निराळी, अशा कित्येक जाती शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं एकाच नावाखाली घातल्या होत्या. आपल्याकडच्या क्रायसोपालाही पुस्तकं अशीच युरोपातल्या जातीचं नाव देत होती, ते आता बदललं आहे. १७५८ साली लिनिअसनं शिरांच्या पंखांचा गण केला, तेव्हा त्यात चतुरही होता. नंतर चतुरासाठी वेगळा गण झाला. ते लोक नावं बदलतात आणि त्यांना त्याची लाज वाटत नाही, याचा मला हेवा वाटतो.

लहान असताना मी गुरुजींना विचारलं होतं, रातकिडा ओरडतो ते ऐकायला कोण असतं? ते म्हणाले, "पुस्तकात चार आहेत, चार म्हण." मी चार म्हटलं आणि मार्क मिळवले. शास्त्र चुकलं असं म्हणायची माझी पात्रता नाही. आचार्यांनी उदाहरणं दिली ती समोर दिसणाऱ्या जीवांची, आणि हेतू हा की आपण खालच्या पायरीवरच्यालाही जपावं. पण आम्ही त्या शिडीचं काय केलं? भाव ठरवायचा तक्ता केला. हा चारचा, चालेल. हा पाचचा, नको. कान सापडला म्हणून त्या किड्याची भीती काल होती त्याहून आज वाढली का? तो आधीही वटवाघळाला भिऊनच पडत होता. आणि माव्याला कान नाही म्हणून नांगी खुपसल्यावर त्याला काय होतं, हे मी कोणत्या तक्त्यात बघणार?

पट्टी मी टाचली नाही, भाच्याला परत दिली. बाटलीही आणली नाही. बांधावर कोथिंबीर पेरली आणि फुलू दिली, कारण क्रायसोपा फुलावर येते हे ऐकलं होतं. आली. पुढच्या थंडीत पावट्याच्या पानांखाली दोऱ्यांवरची अंडी मी स्वतः बघितली. गडी म्हणाला, आपोआप आली. आपोआप कुठली? कोथिंबीर कशासाठी पेरली ते मला ठाऊक होतं. आत्याबाईंनाही ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तुझं तू लिहून ठेव." लिहून ठेवलं आहे. मावा थोडा राहिला, चार ओळी गेल्या, आणि पाणी वाहणाऱ्या बाईला त्या आठवड्यात खुरपणीचं काम दिलं.

परवा विरजण लावायला म्हणून रात्री स्वैपाकघरात दिवा लावला, तर एक पोपटी क्रायसोपा येऊन भिंतीवर बसली. वर पाल होतीच. आत्याबाई खाटेवरून ओरडल्या, "दिवा मालव, पाल खाईल तिला." मी मालवला. अंधारात विरजण थोडं सांडलं. पालीनं मग काय खाल्लं असेल, हे मी त्यांना विचारलं नाही.