दुय्यम भूमिका

मनुष्याच्या आयुष्याचे मोल त्याला लाभलेल्या स्थानावरून करावे की त्या स्थानी त्याने केलेल्या कामावरून, हा प्रश्न जुनाच आहे. आणि त्याचे उत्तरही सर्वांस पाठ आहे. तथापि आपला नित्याचा व्यवहार त्या उत्तरास धरून चालतो असे म्हणवत नाही. मुलगा वर्गात दुसरा आला म्हणजे त्याचे कौतुक करताना आपल्या स्वरात किंचित सांत्वन मिसळतेच. प्रथम स्थान हुकणे हेच अपयश, अशी आपली अंतरीची समजूत असते. ती कितपत खरी आहे हे पाहावयास नटाच्या व्यवसायाइतके सोयीचे क्षेत्र नाही; कारण तेथे पहिल्या आणि दुसऱ्या स्थानांतील अंतर जाहिरातीच्या अक्षरांतच छापलेले असते.

डेनहोम एलियट हा इंग्रज नट 1922 साली लंडन येथे जन्मला. दुसऱ्या महायुद्धात तो विमानदलात होता. 1942 साली त्याचे विमान पाडले गेले आणि युद्धाची उरलेली वर्षे त्याने जर्मनांच्या बंदिछावणीत काढली. तेथेच सोबत्यांना घेऊन तो नाटके करू लागला. पुढे सुमारे चाळीस वर्षे रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तिन्ही ठिकाणी त्याने काम केले. नायकाची भूमिका त्याच्या वाट्यास क्वचितच आली. फसलेले डॉक्टर, मद्यपी वार्ताहर, इभ्रत सांभाळता सांभाळता खचलेले सद्गृहस्थ, अशीच माणसे त्याच्याकडे येत राहिली.

त्याच्या कामाचे मर्म 1966 सालच्या ‘आल्फी’ या चित्रपटात उत्तम दिसते. गर्भपात हा तेव्हा इंग्लंडात गुन्हा होता. कायद्याने त्यास मुभा दिली ती 1967 साली. नायकाच्या बेफिकिरीमुळे अडचणीत सापडलेल्या एका स्त्रीसाठी चोरून बोलावलेला इसम, एवढीच एलियटची भूमिका. कथेच्या दृष्टीने हा मनुष्य केवळ एक साधन आहे. तो येतो, काम करतो आणि जातो. त्याला दुष्ट रंगविले असते तरी कथेचे काही अडले नसते. परंतु एलियटने त्याला दुष्ट केले नाही व दयनीयही केले नाही. शिक्षेची भीती, पैशाची निकड आणि सवयीने बोथटलेली लाज या तिन्हींचे ओझे वाहणारा एक थकलेला मनुष्य त्याने उभा केला. पडद्यावरून तो गेल्यावर, हा आता कोठे जाईल, असा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उरतो.

कोणाही मनुष्यास निव्वळ साधन मानू नये, असे जर्मन तत्त्ववेत्ता कांट याचे नीतिसूत्र आहे. कथानकाची रचना मात्र या सूत्रास सोडूनच होत असते. नायकाचे भवितव्य पुढे सरकावे म्हणून तेथे नोकर दार उघडतो, डॉक्टर निदान सांगतो, मित्र मरतो. दुय्यम भूमिका करणारा चांगला नट या रचनेस आतून दुरुस्त करतो. ‘हा नोकर स्वतःच्या आयुष्यात दुय्यम नाही’, एवढेच तो आपणांस दाखवितो. ‘ट्रेडिंग प्लेसेस’ या 1983 सालच्या विनोदी चित्रपटात एलियट खानसामा झाला आहे. वरिष्ठांच्या हुकुमामुळे, ज्या मालकाची आजवर सेवा केली त्यालाच ओळख नाकारण्याचा प्रसंग त्याच्यावर येतो. प्रसंग हसण्यासाठी रचलेला आहे; पण हुकूम पाळणाऱ्याच्या मनाचे काय होते, हा गंभीर प्रश्न त्यात दडलेला आहे.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, लहान भूमिकेतला नट असा उठून दिसू लागला तर तो नायकाचे हक्काचे लक्ष चोरतो. याचे उत्तर तबलजीकडे पाहिले असता मिळते. गायकावर मात करण्यासाठी वाजविणारा साथीदार मैफल बिघडवितो; पण निर्जीव ठेका धरणाराही तिला मारतोच. जिवंत साथीने गाणे खुलते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दुय्यमपणाची थोरवी गाणे म्हणजे मागे ठेवल्या गेलेल्यांस गप्प बसविणे नव्हे काय? हा धोका खरा आहे. ज्याला अन्यायाने डावलले, त्याला समाधानाचा उपदेश करणे ही क्रूरता होय. त्याने स्थानासाठी झगडावे हेच योग्य. परंतु सर्व अन्याय मिटले तरी प्रत्येक कथेत नायक थोडे आणि इतर पुष्कळ, हे राहणारच. त्या पुष्कळांना मान देणे म्हणजे अन्यायाचे समर्थन नव्हे. उलट, ज्या तुच्छतेतून अन्याय उपजतो तिचेच ते निर्मूलन आहे.

1983 पासून लागोपाठ तीन वर्षांच्या चित्रपटांसाठी ब्रिटिश अकादमीचे साहाय्यक नटाचे पारितोषिक एलियटला मिळाले. पुढे ‘अ रूम विथ अ व्ह्यू’मधील भूमिकेसाठी ऑस्करच्या साहाय्यक नटांतही त्याचे नाव होते, परंतु ते पारितोषिक मायकेल केन घेऊन गेला. हा केन म्हणजे ‘आल्फी’चा नायक! एका चित्रपटातील नायक दुसऱ्यात साहाय्यक ठरतो, इतकी ही स्थाने चंचल आहेत. एलियट 1992 साली वारला. आपणही आपल्या घरात नायक असतो, आणि शेजाऱ्याच्या कथेत मात्र दाराशी क्षणभर उभा राहणारा कोणी एक असतो. त्या क्षणात आपण कसे उभे राहतो, यावर शेजाऱ्याचे बरेच काही अवलंबून असते.