देहावांचून व्यक्ति

कायद्याच्या दृष्टीनें कंपनी ही व्यक्तीच होय. ती करार करते, मालमत्ता बाळगते, फिर्याद लावते. लंडनच्या ‘सिटी’ विभागांत तर, रहिवासी थोडे व व्यापार मोठा या सबबीवर, २००२ च्या कायद्यान्वयें कंपन्यांस नोकरांच्या संख्येप्रमाणें स्थानिक निवडणुकीसाठीं मतदार नेमतां येतात. परंतु कैदेस पात्र असा गुन्हा कंपनीनें केल्यास कोंडावें कोणास? अशा गुन्ह्यांतहि कंपनीवर खटला चालेल, मात्र शिक्षा दंडाचीच, असें भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं बहुमतानें ठरविलें. तो दंड भरला जातो भागधारकांच्या पैशांतून! मत देण्यास विवेक लागतो, आणि जेथें पश्चात्ताप संभवत नाहीं तेथें विवेक कोठून असणार? म्हणून कंपनीस मालमत्ता असावी, मत नसावें. आणि तिच्या आडून अपराध करणारा हाडामांसाचा मनुष्य सुटूं नये, असें आम्हांस वाटतें.