कॅमेऱ्याची साक्ष

छायाचित्रणाचा छंद जडलेल्या माणसाला दोन प्रश्न हमखास पडतात. आपण चित्र नेमके कशाचे घ्यावे, हा पहिला; आणि घेतलेले चित्र चांगले आहे हे आपल्याला कोण सांगणार, हा दुसरा. पोटासाठी कॅमेरा हाती घेणाऱ्याला हे प्रश्न फारसे छळत नाहीत. लग्नात वधूवरांचे आणि पहिल्या कम्युनियनच्या दिवशी पांढऱ्या पोशाखातल्या मुलांचे फोटो घ्यायचे, हे त्याला ठरवून मिळालेले असते, आणि पसंतीची पावती गिऱ्हाईक देते. हौशी माणूस मोकळा असतो, आणि हा मोकळेपणा भलताच जड असतो. गेली अनेक वर्षे मी तो खांद्यावरच्या पिशवीत घालून भंडारदऱ्याला नेत आहे.

भंडारदरा हे हौशी छायाचित्रकाराला बिघडवण्यासाठीच निर्माण झाले आहे की काय, असे मला कधी कधी वाटते. धरणाचे पाणी सोडले की खडकावरून छत्रीसारखा पसरणारा अंब्रेला धबधबा, पुढे प्रवरेवरचा रंधा, रतनगडाच्या माथ्यावरचे नेढे, रतनवाडीचे अमृतेश्वराचे मंदिर, आणि १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवरचा सूर्योदय. जागा ठरलेल्या, तिथे उभे राहायचे दगडसुद्धा ठरलेले. मीही त्या दगडांवर उभा राहिलो. माझ्या त्या चित्रांना कोणी नावे ठेवली नसती. पण खाली दुसऱ्याचे नाव घातले असते, तरी काही बिघडले नसते.

संत ऑगस्टीनने आपल्या ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात डोळ्यांच्या मोहाचा मोठा प्रामाणिक विचार केला आहे. मन दुसऱ्याच कामात असताना दिवसाचा उजेडही आपल्याला कसा लाडीगोडीने ओढून नेतो, हे तो कबूल करतो. पुढे तो वेगळ्याच भुकेबद्दल सांगतो: सौंदर्यासाठी नव्हे, तर केवळ ‘मी पाहिले’ असे म्हणता यावे म्हणून पाहण्याची भूक. सोळाशे वर्षांपूर्वीच्या या बिशपाने कॅमेरा पाहिला नव्हता, तरी ती भूक मला माझीच वाटली.

मे महिन्याच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर, भंडारदऱ्याच्या परिसरात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे उतरतात. त्यांचे लुकलुकणे म्हणजे नर-मादीचा संवाद असतो. अंधार ही त्या संवादाची पहिली अट. ते पाहायला हजारो लोक मोटारी घेऊन येतात, आणि हेडलाइट व मोबाइलच्या झोतांत तो संवादच हरवतो. १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा हा भाग. त्या गर्दीत एका वर्षी मीही होतो. तिपाईवर कॅमेरा लावून मी एकाच झाडाची वीस वीस सेकंदांची दीडशे चित्रे घेतली आणि घरी संगणकावर ती एकावर एक चढवली. झाड ठिणग्यांनी पेटल्यासारखे दिसू लागले. हल्ली काजव्यांची गाजलेली चित्रे बहुधा अशीच तयार होतात; त्यात गुपित काही नाही.

ते चित्र आमच्या धर्मग्रामाच्या सणाला सभागृहात लावले गेले. लोकांनी कौतुक केले. एका लहान मुलाने मात्र बराच वेळ ते न्याहाळून विचारले, “अंकल, खरंच एवढे काजवे होते?”

मी म्हणालो, “हो.”

खोटी साक्ष देऊ नको, ही आठवी आज्ञा मी त्याच्याएवढा असताना पाठ केली होती. त्या रात्री मी स्वतःची बाजू मांडून पाहिली. प्रत्येक छायाचित्र काही वगळते, काही निवडते. मग निवड आणि लबाडी यांच्यामध्ये रेघ कुठे काढायची? त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. दिवसामागून दिवस थोडी थोडी चित्रे घेऊन त्यांनी महिन्याभराची वाढ मिनिटा-दोन मिनिटांत पडद्यावर दाखवली. तीही एकत्र गुंफलेली चित्रेच होती, आणि तशी वाढ कोणत्याही डोळ्याला एका बैठकीत दिसणार नव्हती. तरी ते खोटे नव्हते, कारण काळ आवळून दाखवला आहे हे पाहणाऱ्याला कळत होते. माझे चित्रही, ‘हे तासाभराचे काजवे आहेत’ असे सांगितले असते, तर खरेच होते. दोष संगणकाला देता येईना. तो त्या ‘हो’मध्ये होता.

मग मी ‘हो’ का म्हणालो? लोभाने नव्हे, तिथे बक्षीस नव्हतेच. भीतीने. एका चित्रात जे उमटते ते थोडके असते, आणि थोडक्यात मी उघडा पडलो असतो. प्रभू येशूच्या दृष्टांतातला तिसरा चाकर आपण आळशी म्हणून ओळखतो, परंतु आपला तलांत आपण भीतीने पुरला, हे तो स्वतःच धन्याला सांगतो. मला वाटते, दुसऱ्यांच्या गाजलेल्या चित्रांची नक्कल करणे हेही पुरणेच आहे. जमीन दुसऱ्याची असते, एवढाच फरक.

याच सुमारास, आषाढात, रतनवाडीच्या वाटेवर आवणी चालली होती. डोक्यावरून प्लॅस्टिकचा कागद पांघरलेल्या पाच-सहा बाया गुडघाभर चिखलात भात लावत होत्या. मी बांधावरून न विचारता कॅमेरा रोखला. त्यांतली एक वयस्क बाई मान वर न करता म्हणाली, “दादा, फोटू काढून झाला आसंल तर त्या रोपाच्या मुठी तेवढ्या इकडं फेका.”

मी मुठी फेकल्या. हात चिखलाने भरले आणि कॅमेऱ्याला हात लावता येईना, म्हणून तासभर नुसता पाहत, मुठी पुरवत राहिलो. रोप खोचताना अंगठा कसा आत वळतो, पाणी कोणत्या बांधाला थबकते, कोण थकले की गाणे खाली येते, हे मी इतकी वर्षे तिथे जाऊनही पाहिले नव्हते. निघताना विचारून दोनच चित्रे घेतली. दिवाळीनंतर त्यांच्या प्रती छापून नेऊन दिल्या. बाईंनी चित्रातल्या स्वतःकडे पाहिलेच नाही. मागच्या कोपऱ्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “ह्यो बांध पुढं फुटला. बरं झालं ह्यात हाय.”

माझ्या चित्राला इतकी नेमकी पावती कधी मिळाली नव्हती. तो बांध मला चित्र घेताना दिसलाही नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

त्यानंतर माझे फिरणे बदलले. १९२६ साली पुरे झालेल्या या धरणात सुमारे ११ टीएमसी पाणी साठते. ते प्रवरेतून आणि तिच्या कालव्यांतून अकोले, संगमनेर, राहाता, श्रीरामपूर असे खाली उतरते. त्या बाजूच्या कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांच्या शेतांत हे पाणी खेळले आहे; हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला दरवर्षी जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक असते? मी आता त्या पाण्यामागून चालतो. रतनगडाच्या कुशीतला उगम, आवणीचे खाचर, कालव्यावर धुणे धुणाऱ्या बाया, उसाची सरी. चित्रे साधी येतात. त्यांतली पुष्कळशी फसतात, आणि फसलेली मी ठेवून देतो. ती चांगली आहेत का, हे विचारायला हल्ली मी फारसा कोणाकडे जात नाही. ज्यांची आहेत त्यांना मात्र नेऊन दाखवतो.

एक हिशेब राहिला होता. गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर त्या मुलाला पायरीवर गाठले. त्या दीडशेंपैकी एकच चित्र, जसे उमटले तसे, छापून नेले होते. सभागृहातले चित्र कसे तयार केले, आणि माझे उत्तर खरे नव्हते, हेही सांगितले. तो रागावेल असे वाटले होते. त्याने चित्र उन्हाकडे तिरपे धरले आणि बोटाने एकेक ठिपका मोजू लागला. सतरा भरले. मग पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला, कारण फांदीआड एक राहून गेला असावा, असे त्याचे म्हणणे होते.