वाफेने फिरवलेलं पाणचक्कीचं चाक

नवं आलं की जुनं टाकून द्यावं, की नव्यालाच जुन्याच्या सेवेला लावावं? हा प्रश्न आपल्याला परदेशात घरोघरी पडतो. त्यावर विचार करायला लावणारी एक गोष्ट मला इंग्लंडमधल्या जुन्या लोखंडाच्या कारखान्यात सापडली.

श्रॉपशायरमधल्या कोलब्रुकडेलला अब्राहम डार्बीने १७०९ साली कोक वापरून लोखंड गाळायला सुरुवात केली. भट्टीला हवा पुरवणारे भाते पाणचक्कीच्या चाकावर चालत. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की चाक मंदावे आणि भट्टी अडचणीत येई. म्हणून चाकावरून वाहून गेलेलं पाणी पंपाने पुन्हा वरच्या तलावात चढवू लागले. आधी घोडे जुंपून, आणि १७४२-४३ च्या सुमारास न्यूकमेनच्या वाफेच्या इंजिनाने.

गंमत पाहा! इंजिनाने पाणी चढवायचं, पाण्याने चाक फिरवायचं आणि चाकाने भाते हलवायचे. वाटेत शक्ती वाया जाणार, कोळसा जादा जळणार. निव्वळ द्राविडी प्राणायाम! तरीही १७८० च्या दशकात मँचेस्टरच्या सूतगिरण्यांनी हीच युक्ती वापरली.

पण हसण्यापूर्वी थोडं थांबू. न्यूकमेनच्या इंजिनात वाफ थंड करून पोकळी निर्माण करत आणि हवेच्या दाबाने दट्ट्या खाली येई. ही ओढ एकाच दिशेची, हिसक्याहिसक्याची. पंपाला ती चाले, पण चाकाची संथ, एकसारखी गोल गती तिच्यात नव्हती. म्हणजे चाक केवळ मायेपोटी ठेवलेलं नव्हतं. नव्याला न येणारं काम ते करत होतं. पुढे जेम्स वॉटचं इंजिन यंत्रांना थेट गोल गती देऊ लागलं, तेव्हा हा वळसा हळूहळू संपला.

आता आपल्याकडे वळू. गणेशोत्सवातल्या नाटुकल्यासाठी आपण मुलांना मराठी संवाद रोमन लिपीत लिहून देतो, अर्थ इंग्रजीत समजावतो आणि मराठीत म्हणून घेतो. ‘मग सरळ इंग्रजीतच का नको?’ असं एखाद्या मुलाने विचारलं, तर ‘आपली संस्कृती’ एवढं उत्तर पुरत नाही. नव्याला जमत नाही असं कोणतं काम हे जुनं चाक आजही करतं, ते त्याला सांगता आलं पाहिजे.

त्या संवादांतून दोन वाक्यं रुजली आणि फोनवर आजीशी बोलताना मध्ये आईबाबांची गरज पडली नाही, तर चाक फिरतंय. मग थोडा कोळसा जादा जळाला तरी चालेल. पण टाळ्या संपताच सगळं विसरलं जात असेल, तर आपण कोरड्या चाकाला रंग देत आहोत, हे आधी स्वतःशी कबूल करायला हवं.

भट्टी विझू नये, एवढीच त्या कारखानदारांची काळजी होती. चाक आणि इंजिन, दोन्ही तिच्यासाठी. आपल्या घरातली भट्टी कोणती, हे या वर्षी मुलांना सोबत घेऊनच ठरवू या.