आप्त कोणास म्हणावे?

अफझलगंजातील उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात गेलेल्या माणसाला ‘आप्त’ या शब्दाचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. डबा घेऊन आलेली सून, रात्र जागवणारा साडू, गावाकडून धावत आलेला मावसभाऊ, हे सारेच तिथे आप्त असतात. मात्र त्यांच्यापैकी कोणी रुग्णाला आपले मूत्रपिंड देऊ केले, तर कायद्याच्या लेखी ते निकटचे ठरत नाहीत. १९९४ च्या केंद्रीय मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने पती-पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ आणि बहीण एवढ्यांनाच निकटचे नातेवाईक मानले. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडे त्यांत आली. आपल्याकडे आंध्र प्रदेशाचा १९९५ चा स्वतंत्र कायदाच पुढे चालत राहिला. केंद्रीय कायदा स्वीकारण्याचा ठराव तेलंगण विधानसभेने केला तो २०२५ च्या मार्चमध्ये.

चाळीस वर्षे एका चुलीपाशी काढलेल्या सासू-सुनांना या यादीत स्थान नाही. त्यांना समितीपुढे जाऊन आपला स्नेह सिद्ध करावा लागतो. समिती एकत्र काढलेली जुनी छायाचित्रे पाहते, दोघांच्या तीन वर्षांच्या उत्पन्नाचे कागद तपासते. वारसा-चौकशीच्या फायलींत ज्याची नोकरी सरली, त्याला हे सारे ओळखीचे वाटते. नाते कागदावर उतरते, जिव्हाळा उतरत नाही.

तरीही हा संशय मला अन्यायाचा वाटत नाही. स्नेह मोजणे हा कायद्याचा हेतूच नव्हे. गरिबाचे शरीर बाजारात जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू आहे. २०२५ च्या जानेवारीत सरूरनगरच्या एका रुग्णालयात पैसे मोजून मूत्रपिंडे बसवली जात असल्याचा प्रकार उघडकीस आला, तेव्हा ही भीती किती जवळची आहे हे शहराला कळले. मृत्यूनंतरच्या दानात तर आप्तांची निवड चालतच नाही. २०१३ पासून चालू असलेल्या ‘जीवनदान’ योजनेत अवयव जातो तो प्रतीक्षायादीच्या क्रमाने; अमक्या जातीच्या वा आमच्या गावच्या माणसालाच द्या, असे कुटुंबाला म्हणता येत नाही. हे मला फार उंचीचे वाटते.

नात्यावर कायदा विसंबतो तो जिवंत दात्याच्या बाबतीत, आणि माझी शंका नेमकी तिथे आहे. १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी २९,००० हून अधिक पुरुषांवर झाली. देणाऱ्यांत मात्र स्त्रियाच अधिक. आजाराच्या प्रमाणात थोडाफार फरक असेल. एवढी तफावत त्याने भरून निघत नाही. परक्याचा मोह पैशाचा असतो, तो कागदांत कुठेतरी सापडतो. घरातला दबाव पैशाचा नसतो. ‘तुझ्याशिवाय कोण आहे?’ या एका वाक्यात तो मावतो, आणि ते वाक्य बोलणाऱ्यालाही तो दबाव वाटत नाही. २०१४ च्या केंद्रीय नियमांना याची जाणीव आहे. दाता स्त्री असेल तर अधिक दक्षता घ्यावी आणि तिच्या स्वतंत्र संमतीची खात्री रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून करून घ्यावी, असे ते सांगतात. पण ती दुसरी व्यक्ती दीर असली तर?

पत्नीला डॉक्टरांनी एकटीला बसवून विचारावे. ती ‘नको’ म्हणाली, तर घरच्यांना ‘तपासण्या अनुकूल नाहीत’ एवढेच कळवावे. हे खोटे आहे, असा आक्षेप येईल. धर्मराजाच्या अर्धसत्याने द्रोणाचा जीव घेतला. हे अर्धसत्य एका बाईला तिच्याच घरात पुढची वीस वर्षे मान वर करून राहू देते. मला ते सत्यापेक्षा कमी वाटत नाही.